बांधावरची बिननावाची माशी
सिरफीड माशीची ओळख, नव्या जातीचे वर्णन कसे करतात, आणि पंप उचलण्यापूर्वी काय पाहावे



भात कापून झाले, जमिनीत ओल आहे, वाल-चवळी हातभर वर आली आहे, आणि मध्येच दोन दिवस ढगाळ हवा पडली, की पुढे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. ओवळे, भाईंदरपाडा, गायमुख, चेणे असे घोडबंदर रोडच्या कडेने जिथे जिथे अजून शेत उरले आहे, तिथे वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा चढतो. पाने आकसतात, शेंड्याला चिकटा येतो, मुंग्यांची रांग लागते. पोपटीच्या शेंगा हाताच्या जाणार म्हणून जीव खालीवर होतो. मग दुकानातून औषध येते आणि पंप पाठीवर चढतो.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच, की पंप उचलण्यापूर्वी पाच मिनिटे त्या शेंड्याजवळ उकिडवे बसा आणि नीट बघा. तिथे एक बिनपगारी गडी बहुधा आधीच कामाला लागलेला असतो. त्याची आपली ओळख नसते, म्हणून माव्याबरोबर आपण त्यालाही मारून टाकतो. या गड्याचे नाव सिरफीड माशी. तिच्या जाती पुष्कळ आहेत. काहींना दोन-दोनशे वर्षांपूर्वी नाव मिळाले, तर काहींना शास्त्राच्या वहीत अजून जागाच मिळालेली नसेल. अशी एखादी बिननावाची माशी सापडली तर तिचे वर्णन कसे करतात, आणि त्या खटाटोपाचा तुमच्या वालाशी काय संबंध, हे या पत्रकात सांगितले आहे.

माशी की गांधीलमाशी?

सकाळी आठ-नऊच्या सुमारास कोथिंबिरीच्या किंवा मोहरीच्या फुलांपाशी उभे राहा. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक लहानशी माशी हवेत एकाच जागी टांगल्यासारखी थांबलेली दिसेल. हात नेला की झटकन बाजूला सरते आणि पुन्हा तिथेच येऊन थांबते. पट्टे बघून पुष्कळ जण तिला गांधीलमाशी समजतात आणि पोरांना लांब व्हायला सांगतात. ही माशी चावत नाही आणि तिला नांगीही नसते. गांधीलमाशीचे सोंग मात्र तिने घेतलेले असते, म्हणजे पक्षी-सरडे तिच्या वाटेला जात नाहीत.

खात्री करून घ्यायची असेल तर या खुणा बघा:

१. गांधीलमाशीला आणि मधमाशीला पंख चार, सिरफीड माशीला दोनच. मागच्या पंखांच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक घुंड्या असतात.

२. डोळे मोठे, जवळजवळ सगळे डोके व्यापणारे. बहुतेक जातींत नराचे दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना भिडतात, मादीच्या डोळ्यांमध्ये फट राहते. म्हणजे साध्या भिंगाने नर-मादी ओळखता येते.

३. मिशा अगदी आखूड. गांधीलमाशीच्या लांब असतात.

४. पंखातल्या शिरांच्या मधोमध एक खोटी शीर असते. ती कुठल्याच शिरेतून निघत नाही आणि कुठल्याच शिरेला मिळत नाही, नुसती घडीसारखी दिसते. हीच या कुळाची पक्की खूण.

आपल्याकडच्या शेतात सहज भेटणाऱ्या दोन-तीन सांगतो. पाठीमागे पोटावरच्या भागावर एक जाड काळा पट्टा आणि त्याला जोडून एक बारीक पट्टा, अशी जोडी दिसली तर ती बहुधा एपिसिर्फस. सडपातळ, पिवळ्या तोंडाची, माव्याच्या आसपास घोटाळणारी इस्किओडॉन. आणि गटाराच्या, शेणखड्ड्याच्या कडेला बसणारी, जिच्या डोळ्यांवरच बारीक ठिपके असतात, ती एरिस्टॅलिनस. तिची अळी घाण पाण्यात राहते. तिला मागे लांब-आखूड होणारी श्वासाची नळी असते, म्हणून तिला शेपटीवाली अळी म्हणतात. ही अळी मावा खात नाही, पण तिची माशी फुलाफुलांवर जाऊन परागीकरण करते. तेव्हा तीही आपलीच.

खरे काम अळीचे

माशी स्वतः मावा खात नाही. तिचे जेवण फुलातला मकरंद आणि पराग. मादीला अंडी पिकवायला पराग लागतोच. मावा खाते ती तिची अळी, आणि नेमकी तीच आपल्या नजरेला किळसवाणी वाटते.

मादी माव्याच्या घोळक्यात एकेक करून पांढरे, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, लांबट अंडे घालते. दोन-तीन दिवसांत अळी निघते. तिला पाय नसतात, वेगळे दिसेल असे डोके नसते. रंग हिरवट किंवा मातकट, अंग अर्धवट पारदर्शक, पाठीवर बरेचदा पांढरी रेघ. लहानशी गोगलगाय शंखाबाहेर काढावी तशी ती दिसते. टोकदार तोंडाने ती मावा पकडते, पानावरून वर उचलते, आतला रस शोषून घेते आणि साल टाकून देते. जातीनुसार एक अळी आपल्या आयुष्यात शंभरापासून चारशेपर्यंत मावा फस्त करते. आठ-दहा दिवसांनी ती पानालाच चिकटून कोषात जाते. कोष थेंबाच्या आकाराचा, मातकट. आठवडाभरात त्यातून माशी बाहेर येते.

आता ही अळी बघितल्यावर आपण काय करतो? "औषध मारा, अळी पडली!" शेंगा पोखरणारी अळी वेगळी, ही वेगळी. पोखरणाऱ्या अळीला स्पष्ट डोके आणि पाय असतात, ती पाने-फुले-शेंगा खाते. बिनपायाची, बिनडोक्याची अळी माव्यातच पडलेली दिसली, की ती मित्र समजावी. एवढा फरक घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा. वेचणीला जाणाऱ्या बाया हे सर्वांत आधी ओळखतात.

नावे कोणी दिली?

सगळ्या जगात या माश्यांच्या सहा हजारांहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. भारतातल्या जाती साडेतीनशेच्या आसपास नोंदलेल्या आहेत. वर सांगितलेल्या इस्किओडॉनच्या आपल्याकडच्या नेहमीच्या जातीला फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १८०५ साली नाव दिले. एपिसिर्फसची नेहमीची जात तर १७७६ पासून शास्त्राला माहीत आहे, आणि ती युरोपपासून आपल्या वालाच्या वाफ्यापर्यंत सगळीकडे आढळते.

भारतातल्या सिरफीड माश्यांवरचा जुना मोठा ग्रंथ १९२३ साली निघाला. तो एन्रिको ब्रुनेटी या गृहस्थाने लिहिला. हा माणूस पेशाने संगीतकार. कलकत्त्यात राहून तिथल्या संग्रहालयात तो माश्यांचा अभ्यास करीत असे. माशी ओळखायची झाली तर अभ्यासकाला आजही हा ग्रंथ उघडावा लागतो. पुढच्या काळात हे काम भारतीयांनी नेटाने चालवले. त्यातले मोठे जाणकार म्हणजे कुमार घोरपडे. त्यांनी १९९४ साली एका नव्या गणाला अग्निसिरफस असे नाव दिले, आणि त्यातल्या एका जातीचे नाव ठेवले अंगारा. शास्त्रीय नाव म्हटले की ते परक्या भाषेतलेच असले पाहिजे असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

नवी जात म्हणजे नवी जन्मलेली नव्हे

वर्तमानपत्रात "नवी प्रजाती सापडली" असे छापून येते, तेव्हा लोकांना वाटते की हा जीव कालपरवा कुठून तरी आला. तसे नसते. तो इथेच होता. तुमच्या आजोबांच्या वेळीही बांधावर घोटाळत असेल. नवी झाली ती फक्त वहीतली नोंद. एखाद्याचा जन्म पाड्यावर व्हावा आणि दाखला चाळिसाव्या वर्षी मिळावा, तसेच हे.

आणि निराळी दिसली म्हणून माशी लगेच नवी जात ठरत नाही. एकाच जातीतले नर-मादी वेगळे दिसतात. शिवाय काही जातींत कोष थंडीत राहिला तर निघणारी माशी जास्त काळी होते, उन्हाळ्यातली जास्त पिवळी. पौषात पकडलेली आणि वैशाखात पकडलेली माशी शेजारी ठेवली तर अजाण माणूस दोन जाती म्हणेल, पण दोघी सख्ख्या बहिणी असू शकतात. म्हणून रंगावर विसंबून चालत नाही. याच कारणाने वर्णन करायला वेळ लागतो, कधीकधी वर्षे लागतात.

वर्णन कसे करतात?

समजा, तुमच्या बांधावर पकडलेली एक माशी कुठल्याच पुस्तकात बसत नाही. मग अभ्यासक पुढील क्रमाने जातो.

पहिली पायरी, नमुना आणि चिठ्ठी. माशी बारीक टाचणीवर लावतात. टाचणीला कागदाची लहान चिठ्ठी असते. गाव कोणते, तारीख कोणती, कोणत्या झाडावर, कोणी पकडली, सगळे तिच्यावर लिहितात. आता अक्षांश-रेखांशही लिहितात. चिठ्ठी नसलेली माशी म्हणजे सातबारा नसलेली जमीन. कितीही चांगली असली तरी कागदोपत्री तिला किंमत नाही.

दुसरी पायरी, आधीच्या नावांशी ताडून पाहणे. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीला प्रथम नाव दिले, तो मूळ नमुना जगातल्या कुठल्या तरी संग्रहालयात जपून ठेवलेला असतो. फॅब्रिशियसचे नमुने कोपनहेगनला, ब्रुनेटीचे कोलकात्याला आणि लंडनला. आपली माशी त्यांच्याशी खूण-खूण जुळवून पाहावी लागते. पुष्कळदा इथेच कळते, की ही नवी नाही, शंभर वर्षांपूर्वीच नोंद झालेली आहे.

तिसरी पायरी, बारीक अवयव. नराच्या पोटाच्या टोकाला जननेंद्रियाचा भाग असतो. तो कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि त्याचे चित्र काढतात. दोन जाती बाहेरून हुबेहूब सारख्या असल्या तरी इथे फरक सापडतो. कुलूप वेगळे तर किल्ली वेगळी, तशातला प्रकार.

चौथी पायरी, जनुकाची तपासणी. माशीचा एक पाय काढून त्यातल्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचतात आणि इतर जातींच्या तुकड्यांशी ताडतात. अळी आणि माशी एकाच जातीची आहे का, हेही यावरून कळते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे, कारण काम अळी करते आणि नाव बहुधा माशीवरून दिलेले असते.

पाचवी पायरी, लेखी वर्णन. डोके, मिशा, छाती, पंखांच्या शिरा, पाय, पोटावरचे पट्टे यांचा रंग, आकार आणि माप मिलिमीटरमध्ये लिहितात. सर्वांत जवळच्या जातीपासून ही कोणत्या खुणांनी वेगळी आहे, ते स्वतंत्र परिच्छेदात सांगतात. एक नमुना मूळ नमुना म्हणून जाहीर करतात, बाकीचे जोडनमुने. मूळ नमुना कोणत्या संग्रहालयात ठेवला तेही लिहावे लागते. भारतात २००२ च्या जैविक विविधता कायद्याने असे नमुने सरकारने नेमलेल्या संस्थेत जमा करणे बंधनकारक आहे.

सहावी पायरी, नाव आणि प्रसिद्धी. नाव दोन शब्दांचे. पहिला शब्द गणाचा, दुसरा जातीचा. प्राण्यांच्या नावांची ही वहिवाट १७५८ पासून धरतात. एखाद्या पुरुषाच्या सन्मानार्थ नाव दिले तर शेवटी 'ई' लागते, गावावरून दिले तर 'एन्सिस'. आपणच शोधलेल्या जातीला आपलेच नाव देणे शिष्टसंमत नाही. इतर जाणकारांनी लेख तपासला आणि तो प्रसिद्ध झाला, म्हणजे नाव लागू झाले. तोपर्यंत ते नाव नव्हे.

आपल्याच परिसरातले उदाहरण

हे सगळे परदेशात किंवा घनदाट अरण्यातच घडते असे समजू नका. माशीचे नाही, पण माशीच्या शेजाऱ्याचे उदाहरण ठाण्यातलेच आहे. वालाच्या वेलावर टुणकन उडी मारून भक्ष्य धरणारे लहान कोळी तुम्ही पाहिले असतील. ते जाळे विणत नाहीत. अशा उडी मारणाऱ्या कोळ्यांपैकी ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका जातीचे वर्णन धृव प्रजापती, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. नाव दिले इसियस तुकारामी.

हे तुकाराम म्हणजे मुंबई पोलीस दलातले सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी अतिरेकी कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. आता जगात कुठेही या कोळ्याचा अभ्यास होईल, तिथे हे नाव उच्चारावेच लागेल.

यातून घ्यायचे ते एवढे, की इमारती, रेल्वे आणि रस्त्यांची एवढी दाटी असलेल्या या पट्ट्यातही शास्त्राला न भेटलेला जीव २०२१ पर्यंत राहत होता. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये शेताचे तुकडे आणि पाणथळ. घोडबंदर रोडची ही जागा किड्या-माश्यांना मानवणारी आहे. पण तुकडे दरवर्षी लहान होत आहेत. भराव पडला की बांध जातो, आणि बांधाबरोबर त्याच्यावरचे सगळे बिऱ्हाड जाते. ज्याचे नावच लिहिलेले नाही, त्याच्या जाण्याची नोंद तरी कोण करणार?

नावाचा शेतकऱ्याला काय उपयोग?

तुम्ही म्हणाल, नाव ठेवा नाहीतर नका ठेवू, आमचा वाल वाचल्याशी मतलब. रास्त आहे. पण नाव आणि पीक यांचा सांधा कसा आहे, तो पपईच्या उदाहरणाने बघा.

२००८ साली तमिळनाडूत कोइमतूरकडे पपईवर पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण पडला. बघता बघता बागा गेल्या, आणि कीड इतर राज्यांतही पसरली. औषधे मारून उपयोग होईना, कारण अंगावरच्या मेणामुळे औषध आत पोहोचत नव्हते. पण या किडीचे नीट वर्णन १९९२ सालीच झालेले होते. त्यामुळे ती कोणती, हे ओळखता आले. ओळखल्यामुळे तिचे मूळ घर मेक्सिकोकडे आहे हे कळले. मूळ घर कळल्यामुळे तिथला तिचा शत्रू कोण, हेही कळले. तो म्हणजे एक अगदी बारीक परोपजीवी गांधील. तिचेही वर्णन २००३ साली झालेले होते. २०१० साली ती बंगळूरच्या केंद्रीय संस्थेने बाहेरून मागवली, वाढवली आणि बागांत सोडली. कीड आटोक्यात आली. दोन किड्यांची दोन वर्णने कुणीतरी आधी चिकाटीने लिहून ठेवली होती, म्हणून हे जमले. ती नसती तर शोध कुठून सुरू करायचा, हाच प्रश्न होता.

मित्रकिडीचेही तसेच आहे. कोणते औषध कोणत्या मित्राला कमी बाधते, कोणत्या फुलावर तो जगतो, कोणत्या महिन्यात येतो, हे नावाखालीच नोंदता येते. नाव नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर सल्ला नाही.

फवारणीचा हिशोब

आता रोकडा हिशोब मांडू. आपल्या उबदार हवेत माव्याच्या मादीला नर लागत नाही. ती अंडी न घालता थेट पिल्ले देते, आणि पिल्लू आठवडाभरात स्वतः आई होते. समजा, तुम्ही सगळ्या शेतावर कडक औषध मारले आणि पानांच्या वळकट्यांत फक्त १० मावा वाचला. एकेकीने दिवसाला तीनच पिल्ले दिली, तरी सात दिवसांत २१० पिल्ले झाली. पुढच्या आठवड्यात त्यातल्या लेकीही पिल्ले देऊ लागतात.

सिरफीड माशीला अंड्यापासून माशी व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. तुमच्या फवाऱ्यात तिच्या अळ्या आणि माश्या दोन्ही मेल्या, तर शेतात माव्याला अडवणारे कोणी उरत नाही. म्हणून फवारणीनंतर पंधरा दिवसांनी मावा पहिल्यापेक्षा जोरात उठलेला दिसतो. मग दुसरी फवारणी, मग तिसरी. पैसा जातो तो जातोच, आणि शेंग बाजारात औषधाचा अंश घेऊन जाते. ती शेंग खाणारे आपल्याच ठाण्या-कल्याणातले लोक असतात.

मग करावे काय?

१. आठवड्यातून दोनदा शेतातून तिरपे चालत जाऊन वीस वेल तपासा. शेंडा उलटून बघा. मावा किती, आणि माव्यात बिनपायाच्या अळ्या, थेंबासारखे कोष, ढालकिडे आहेत का, ते पाहा.

२. मित्र दिसले तर तीन-चार दिवस थांबा आणि त्याच वेलांवर पुन्हा बघा. माव्याच्या रिकाम्या साली वाढल्या असतील आणि जिवंत मावा कमी झाला असेल, तर फवारणीची गरज नाही.

३. सुरुवातीला मावा ठरावीक वेलांवरच असतो. तेवढे शेंडे हाताने खुडून पिशवीत घाला आणि शेताबाहेर नष्ट करा. मात्र खुडताना शेंड्यावर अळी दिसली तर तो शेंडा राहू द्या.

४. मुंग्यांकडे लक्ष ठेवा. माव्याचा गोड चिकटा मिळावा म्हणून त्या माव्याची राखण करतात आणि मित्रकिड्यांना हुसकावतात. बांधावरची वारुळे वेलाच्या बुडापासून दूर राहतील असे बघा.

५. मावा वाढतच असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क वापरा. ५ किलो निंबोळ्यांचा भरडा पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि एकूण १०० लिटर द्रावण करा. फक्त मावा असलेल्या जागी, तेही संध्याकाळी फवारा. सकाळी माश्या आणि मधमाश्या फुलांवर असतात.

६. एवढ्यानेही भागले नाही तरच रासायनिक औषध. तेही लेबलवर त्या पिकाचे नाव असलेले, सांगितलेल्या मात्रेतच, आणि काढणीपूर्वीचे दिवस पाळून. दोन औषधे एकत्र करून मारू नका.

७. माशीला फुले द्या. तिचे तोंड आखूड असते, तिला उघडी, बारीक फुले लागतात. वाफ्याच्या कडेने कोथिंबीर, शेपू, बडीशेप, मोहरी यांची एक ओळ टाका. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरली तर सबंध हंगामभर फुले मिळतील. बांधावरची एकदांडी आणि भांबुर्डा सरसकट कापून काढू नका, फुलावर असताना तरी राहू द्या.

ज्यांचे शेत गेले आणि आता इमारतीत राहणे आले, त्यांनाही हे लागू आहे. गॅलरीतल्या कढीपत्त्यावर, जास्वंदीवर मावा आला तर आधी पाण्याच्या धारेने धुऊन टाका. शेजारच्या कुंडीत कोथिंबीर फुलावर येऊ द्या. माशी पाचव्या मजल्यावरही शोधत येते.

वेगळी माशी दिसली तर

ओळखीतल्या माश्यांपेक्षा निराळी माशी वारंवार दिसू लागली, तर असे करा. मोबाईलवर चार फोटो काढा: वरून, बाजूने, समोरून तोंडाचा आणि जमल्यास पसरलेल्या पंखाचा. वहीत तारीख, वेळ, जागा आणि झाड लिहा. मावा खाणारी अळी मिळाली तर ती माव्यासकट शेंडा खुडून काचेच्या बरणीत ठेवा. तोंडाला मलमलीचे फडके बांधा, उन्हात ठेवू नका, रोज ताजा मावा घाला. कोष झाला की वाट पाहा. माशी निघाली तर रिकामा कोषही जपून ठेवा. माशीऐवजी बारीक गांधील निघाली तर निराश होऊ नका. तो अळीवर वाढणारा परोपजीवी असतो, आणि ती नोंदही मोलाची आहे.

हे सगळे स्वतःच्या शेतापुरते. येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे. तिथून परवानगीशिवाय कोणताही जीव पकडणे किंवा आणणे गुन्हा आहे.

फोटो आणि नोंद तालुका कृषी अधिकारी कार्यालयात दाखवा. तिथून दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्र विभागाकडे विचारणा करता येते. प्राण्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्रही पुण्याला, आकुर्डीत आहे. दहातल्या नऊ वेळा "ही माहीत असलेलीच जात आहे" असेच उत्तर येईल. तरी ते उत्तर फुकट जात नाही. अमुक जात अमुक महिन्यात ओवळ्याच्या वालावर होती, एवढी नोंद त्यातून पक्की होते, आणि पुढच्या वर्षीचा सल्ला अशाच नोंदींवर उभा राहतो.

बंधूंनो आणि भगिनींनो, नव्या जातीचे वर्णन करणे हे अभ्यासकाचे काम आहे, ते त्याने करावे. पण त्याच्यापर्यंत ती माशी जिवंत पोहोचली पाहिजे, आणि तेवढे तुमच्या हातात आहे. या हंगामात वालावर मावा दिसला की पहिल्या दिवशी पंपाऐवजी भिंग घेऊन जा. काय दिसले ते आम्हाला पत्राने कळवा, त्यातली निवडक पत्रे कार्यक्रमात वाचून दाखवू. आणि हे पत्रक वाचून झाले की शेजारच्या शेतात द्या. माशी काही बांध बघून थांबत नाही. एकाने राखली आणि दुसऱ्याने मारली, तर राखल्याचा उपयोग होत नाही.